मोटारीतला दवाखाना : अल्फा कप्पा अल्फा आणि मिसिसिपीचा आरोग्य प्रकल्प

१९३५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या होम्स काउंटीत, लेक्सिंग्टन या छोट्या गावी, कृष्णवर्णीय डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिकांचं एक पथक उतरलं. सोबत घटसर्प आणि देवीच्या लसी होत्या, औषधं होती, दात काढायची हत्यारं होती. पगार कुणालाच नव्हता. दवाखाना मांडून झाला, पण ज्यांच्यासाठी मांडला ती कापसाच्या मळ्यांवरची माणसं येईनात. मळ्याचे मालक त्यांना सोडायला तयार नव्हते.

या बायकांना तिथे पाठवलं होतं एका सोरोरिटीनं, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थिनींनी सुरू केलेल्या भगिनी-संघानं. सोरोरिटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या एकसारख्या रंगाचे कपडे घातलेल्या मुली, पार्ट्या, नव्या मुलींना सामावून घेण्याचे गुप्त विधी आणि वर्षातून एखादा मदतनिधीचा कार्यक्रम. अल्फा कप्पा अल्फातही रंग आहेत, गुलाबी आणि हिरवा, आणि विधीही आहेत. हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी प्रथम ऐकलं ते कमला हॅरिस यांच्यामुळे. हॉवर्ड विद्यापीठात शिकताना त्या याच संघाच्या पहिल्या, म्हणजे 'अल्फा' शाखेत दाखल झाल्या होत्या. २०२० मध्ये उपाध्यक्षपदासाठी त्यांचं नाव जाहीर झालं आणि प्रचारनिधीत १९.०८ डॉलरच्या देणग्यांची रीघ लागली. संघाची स्थापना १९०८ ची. रक्कम पाहूनच देणारी कोण ते कळत होतं.

मला मात्र या संघाचा सगळ्यात मोठा काळ १९३५ ते १९४२ हाच वाटतो. दानधर्म करायला निघालेल्या शिकल्यासवरल्या बायकांना त्या काळात कळलं की औषध घेऊन दारात उभं राहणं हा कामाचा सोपा भाग आहे. ज्याला ते द्यायचं त्याला दारापर्यंत येण्याची मुभा कुणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न. हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे.

हॉवर्डमधल्या नऊ जणी

वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठ १८६७ चं. यादवी युद्ध संपून, गुलामगिरी कायद्यानं रद्द होऊन दोनच वर्षं झाली होती. तिथेच १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन या विद्यार्थिनीच्या पुढाकारानं नऊ जणींनी अल्फा कप्पा अल्फाची स्थापना केली. गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींची दारं त्यांना बंद होती. कृष्णवर्णीय मुलांचा पहिला टिकलेला संघ, अल्फा फाय अल्फा, कॉर्नेलमध्ये १९०६ साली निघाला होता. मुलींसाठी असं काहीच नव्हतं. त्या नऊ जणींपैकी लूसी डिग्ज स्लो पुढे हॉवर्डमध्येच विद्यार्थिनींच्या डीन झाल्या. १९१७ साली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीही त्याच.

हा संघ चार वर्षांतच मोडता मोडता राहिला. १९१२ मध्ये शिकत असलेल्या २२ जणींना नाव, रंग, कामाची दिशा, सगळंच बदलायचं होतं. शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या नेली क्वांडर यांना ते मान्य नव्हतं. २२ जणींनी १३ जानेवारी १९१३ ला डेल्टा सिग्मा थीटा हा वेगळा संघ काढला, आणि दोनच महिन्यांत, ३ मार्चला, त्या वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. याच मोर्चाच्या आधी क्वांडरबाईंनीही आयोजक अ‍ॅलिस पॉल यांना पत्र लिहून हॉवर्डच्या मुलींना मागच्या रांगेत ढकललं जाऊ नये असं सुनावलं होतं. पण त्यांनी केलेलं जास्त टिकाऊ काम कागदोपत्री होतं. २९ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी जुन्या संघाची रीतसर नोंदणी करून घेतली.

ही नोंदणी वाचताना रुक्ष वाटते, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विद्यार्थ्यांचं मंडळ दर चार वर्षांनी नव्यानं जन्माला येतं. पुढारी पास होऊन गेले की उत्साहही जातो. आपल्या कॉलेजांतली किती तरी मंडळं अशीच विझली. नोंदणीमुळे अल्फा कप्पा अल्फाला इतर विद्यापीठांत शाखा काढता आल्या, आणि पदवी घेतलेल्यांसाठी वेगळ्या शाखा झाल्या. सभासदत्व जन्मभराचं. बहुतेक जणी शिक्षिका होत, काही परिचारिका, मोजक्या डॉक्टर. त्यांची वर्गणी येत राही, वार्षिक सभा भरे, १९२१ पासून 'आयव्ही लीफ' हे त्यांचं नियतकालिकही निघू लागलं. महामंदीच्या काळात, मोठमोठ्या संस्थांचे निधी आटलेले असताना, या संघाकडे पगारदार, शिकलेल्या आणि उन्हाळ्याची सुट्टी हाती असलेल्या बायका होत्या.

इडा जॅक्सन यांना जे दिसलं

इडा लुईस जॅक्सन मूळच्या मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गच्या. कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि त्या बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाल्या. हजारोंच्या त्या विद्यापीठात तेव्हा कृष्णवर्णीय मुलंमुली मिळून वीससुद्धा नव्हती. १९२१ मध्ये त्यांनी काही मैत्रिणींबरोबर तिथे संघाची 'ऱ्हो' शाखा काढली. विद्यापीठाच्या वार्षिक अंकात प्रत्येक संघाचा फोटो छापून येई. यांनीही पैसे भरले, नीट कपडे करून फोटो काढून घेतला. अंक हातात आला तर त्यात त्यांचं पान नव्हतं. पानासाठी पैसे घेऊन पान गाळलं होतं. विचारायला गेल्यावर उत्तर मिळालं ते असं, की तुम्ही विद्यापीठातल्या विद्यार्थिवर्गाचं प्रतिनिधित्व करत नाही.

त्याच बाई पुढे ओकलंडच्या सरकारी शाळांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका झाल्या आणि १९३३ मध्ये संघाच्या राष्ट्रीय अध्यक्ष. जन्मगावाच्या राज्यातल्या खेड्यांत शिक्षकांची अवस्था काय आहे हे त्यांनी पाहिलं होतं. कित्येक शिक्षकांचं स्वतःचं शिक्षणच अर्धवट होतं. १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी लेक्सिंग्टनला, अरेनिया मॅलरी चालवत असलेल्या सेंट्स स्कूलमध्ये, ग्रामीण शिक्षकांसाठी सुट्टीतली शाळा भरवली. शिकवायला संघाच्याच शिक्षिका होत्या.

शिकवता शिकवता त्यांना दिसलं ते वेगळंच होतं. समोर बसलेली माणसं आजारी होती. हिवतापानं पिवळी पडलेली, दात किडलेली, पेलाग्रा या रोगानं कातडी सोललेली. हे शरीर घेऊन कोण काय शिकणार? पुढच्या वर्षासाठी जॅक्सनबाईंनी बेत बदलला: शाळेच्या आधी दवाखाना. पहिल्या वर्षीची योजना चुकीची नव्हती, तिला पुरेसा प्रतिसादही होता. तरी जे दिसलं त्याच्या मागे जाऊन त्यांनी ती बाजूला ठेवली. संस्था चालवणाऱ्यांना हे फार क्वचित जमतं.

वैद्यकीय नेतृत्वासाठी त्यांनी गाठलं डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांना. डॉ. फेरेबी टफ्ट्स विद्यापीठातून १९२४ साली डॉक्टर झाल्या. बॉस्टनच्या गोऱ्या रुग्णालयांनी त्यांना उमेदवारीला घेतलं नाही, म्हणून त्या वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स रुग्णालयात आल्या आणि पुढे हॉवर्डमध्ये शिकवू लागल्या. कामावर जाणाऱ्या कृष्णवर्णीय आयांच्या मुलांना सांभाळणारं एक केंद्रही त्यांनी १९२९ मध्ये उभं केलं होतं.

कापूस, खातं आणि मुकादम

होम्स काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यातले बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवत. जमीन मालकाची, बी-बियाणं मालकाचं, खोपटंही मालकाचं. हंगामभर मळ्यावरच्या दुकानातून उधारीवर मका, काकवी, खारवलेलं डुकराचं मांस न्यायचं. वेचणी संपली की हिशेब. हिशेबाची वही मालकाकडे, आणि वर्षाअखेर बहुतेकांच्या नावावर कर्जच निघे. कर्ज फिटेपर्यंत मळा सोडता येत नसे. गुलामगिरी संपून सत्तर वर्षं झाली होती. (याच मुलखातला कापूस १८६१ ते १८६५ च्या युद्धात अडकला तेव्हा मुंबई आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांनी मिसिसिपी हे नाव तेव्हाच ऐकलं असणार.)

पेलाग्रा हा रोग याच जेवणातून येई. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये, मिसिसिपीतल्याच एका तुरुंगाच्या शेतावर, दाखवून दिलं होतं की तो जंतूंचा नाही, निकस खाण्याचा रोग आहे. उपाय म्हणजे दूध, अंडी, भाजी. पण पुष्कळ मळ्यांवर कापूस खोपटाच्या उंबऱ्यापर्यंत लावलेला असे. भाजीपाल्याला एक वाफासुद्धा ठेवू देत नसत.

आता १९३५ च्या पथकाकडे येऊ. आधी रेल्वेनं जायचं ठरलं होतं. वर्णभेदाच्या नियमांमुळे तिकिटं मिळेनात, तेव्हा या बायका आपापल्या मोटारी घेऊन निघाल्या. वॉशिंग्टनहून मिसिसिपी म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या आसपास. वाटेतली बहुतेक हॉटेलं, खानावळी, स्वच्छतागृहं त्यांना बंद. राज्याच्या आरोग्य खात्याला आधीच कळवलेलं होतं, कारण त्यांच्या होकाराशिवाय तिथे सुई टोचणं शक्य नव्हतं.

लेक्सिंग्टनला आल्यावर मालकांचा विरोध उघड झाला. त्यांची शंका साधी होती. उत्तरेकडून मोटारी घेऊन आलेल्या, तडफदार बोलणाऱ्या या काळ्या बायका मजुरांच्या कानात काय सांगतील कोण जाणे! शेजारच्या आर्कान्सा राज्यात १९३४ मध्येच वाटेकरी शेतकऱ्यांची संघटना निघाली होती, काळे-गोरे एकत्र असलेली, आणि मळेवाले धास्तावलेले होते. शिवाय हंगामात माणूस एक दिवस दवाखान्यात गेला तर तेवढी शेताची कामं पडून राहणार.

मग दवाखाना मळ्यावर नेला

पर्याय दोनच होते: परत जायचं, नाहीतर मालकाच्या परवानगीनं मालकाच्या जमिनीवर जायचं. पथकानं दुसरा निवडला. सामान पुन्हा मोटारींत भरलं आणि रोज एकेक मळा धरला. कुठे चर्चमध्ये, कुठे शाळेच्या एकखोलीत, कुठे झाडाखाली टेबलं लावायची, त्यांवर पांढरी स्वच्छ चादर अंथरायची, आणि रांग सुरू. एका टोकाला नाव लिहून घेणारी शिक्षिका, पुढे तपासणी, मग लस, मग दातांचं टेबल. शेवटी कुणीतरी मुलांना दात घासायचे कसे आणि आयांना तान्ह्याचं दूध उकळायचं कसं ते दाखवायचं. धुळीच्या रस्त्यांवरून, दुपारच्या उन्हात, कमालीच्या दमटपणात हे चाले.

डॉ. फेरेबी यांनी पुढे सांगितलेली एक आठवण मला विसरता येत नाही. तपासणी चालू असताना घोड्यावर बसलेले मुकादम, कमरेला पिस्तूल लावून, जितकं जवळ येता येईल तितकं येत. डॉक्टर रुग्णाला काय विचारतात ते त्यांना ऐकायचं असे. म्हणजे कल्पना करा: समोर चार लेकरांची आई, तिला विचारायचंय की घरात काय शिजतं, पोटाला पुरतं का, शेवटचं मूल कधी गेलं. आणि मागे घोड्याचा श्वास. खरं उत्तर दिलं तर ते दुकानाच्या हिशेबाविषयीची तक्रार ठरणार.

त्यामुळे या दवाखान्यात प्रश्न तोलून विचारावे लागत. मजुरी, कर्ज, मालक यांविषयी चकार शब्द नाही. मालकांशी बोलताना निरोगी मजूर जास्त काम करतो हे सांगावं लागलं असेल, तर त्यात मला नवल वाटणार नाही. हे बोलणं कुणाच्याही स्वाभिमानाला खुपणारं आहे, आणि त्याशिवाय एकाही मुलाच्या दंडावर लस पडली नसती. काही अभ्यासकांना ही तडजोड खटकते. मला ती योग्य वाटते, कारण घटसर्पानं गुदमरणाऱ्या मुलाला व्यवस्था बदलेपर्यंत थांबता येत नाही.

याच काळाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. शेजारच्या अलाबामात, टस्कीगी इथे, १९३२ पासून सरकारी आरोग्य सेवेचे डॉक्टर उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोग कसा वाढतो याची नोंद करत होते. रुग्णांना ते ठाऊक नव्हतं. ग्रामीण दक्षिणेत डॉक्टर नावाच्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न किती खरा होता, ते यावरून समजावं.

पुढच्या वर्षांत काम बोलिव्हर काउंटीत सरकलं. तिथलं माउंड बायू हे गाव पूर्वीच्या गुलामांनी १८८७ मध्ये वसवलेलं आणि संपूर्ण कृष्णवर्णीयांच्या ताब्यातलं, त्यामुळे तिथे दवाखान्याला हक्काची जागा मिळाली. सालागणिक कामाची रीत बसत गेली: स्थानिक शिक्षिका आधीच मुलांच्या याद्या करून ठेवत, चर्चमधून तारीख सांगितली जाई. १९४२ पर्यंत १५ हजारांहून जास्त मुलांना घटसर्प आणि देवीच्या लसी टोचल्या गेल्या.

लस हा या कामातला सगळ्यात यशस्वी भाग, आणि त्याला कारण आहे. लस टोचली की काम झालं. मुलाच्या आईला त्यासाठी मालकाकडून काहीच मिळवावं लागत नाही. दात उपटणंही तसंच. पण उपदंशावर तेव्हा महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. उन्हाळ्यात काही आठवडे येणारा दवाखाना तिथे काय करणार? आणि आहाराचे धडे तर सगळ्यात अवघड. हिरव्या भाज्या खा, मुलाला दूध द्या, हे शंभर टक्के बरोबर असलेलं वाक्य, भाजी लावायला जागा नसलेल्या बाईला सांगायचं. शिकलेल्या, शहरी, चांगल्या घरच्या बायकांच्या बोलण्यात खेडवळ समजुतींविषयी थोडी वरून पाहणारी नजर असणं स्वाभाविक होतं. पण दरवर्षी परत जाणाऱ्या माणसाला अज्ञान आणि अडवणूक यांतला फरक कळल्याशिवाय राहत नाही. डॉ. फेरेबी यांनी या रोगराईचं मूळ गरिबीत आणि जमिनीच्या व्यवस्थेत असल्याचं लिहिलं, ते त्या टेबलांपाशी उभं राहूनच.

वॉशिंग्टनकडे वळलेला रस्ता

१९३५ मध्येच, पहिलं पथक मिसिसिपीत गेलं त्याच उन्हाळ्यात, अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. म्हातारपणाचं निवृत्तिवेतन आणि बेकारभत्ता त्यातून मिळणार होता. शेतमजूर आणि घरकामगार मात्र त्यातून वगळले गेले. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातूनही शेतमजूर बाहेरच राहिले. दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं मुख्यतः हीच दोन कामं करत होती. मळ्यावर टेबल मांडून बसणाऱ्या संघाला हे कलम किती झोंबलं असेल!

१९३८ मध्ये नॉर्मा बॉइड यांच्या नेतृत्वाखाली अल्फा कप्पा अल्फानं वॉशिंग्टनमध्ये संसदेपुढे कृष्णवर्णीयांची बाजू मांडणारं कार्यालय उघडलं. बॉइडबाई म्हणजे १९१३ च्या नोंदणीवर सही असणाऱ्यांपैकी एक, पेशानं गणिताच्या शिक्षिका. झुंडबळींविरुद्धचा कायदा, नोकऱ्यांतला भेदभाव, मजुरी हे त्यांचे विषय. एका विद्यार्थिनी-संघानं दवाखाना आणि संसदेतला पाठपुरावा एकाच वेळी, एकाच वर्गणीतून चालवला हे मला या प्रकरणातलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं, कारण सभासदांमध्ये राजकारण नको म्हणणाऱ्याही असणारच. पुढे १९४८ मध्ये इतर कृष्णवर्णीय संघांबरोबर मिळून मानवी हक्कांसाठी संयुक्त परिषद उभी राहिली.

मिसिसिपीचं काम थांबलं ते युद्धामुळे. पेट्रोल आणि टायरवर रेशन आलं, आणि सगळा दवाखानाच मोटारींवर चालणारा! त्याच १९४२ मध्ये माउंड बायूत टॅबोरियन रुग्णालय उघडलं, एका कृष्णवर्णीय बंधुसंस्थेनं सभासदांच्या वर्गणीतून बांधलेलं. आता तिथल्या माणसाला शस्त्रक्रियेसाठी गोऱ्यांच्या रुग्णालयात मागच्या दारानं जायची गरज उरली नाही. डॉ. फेरेबी १९३९ ते १९४१ संघाच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. १९४९ मध्ये त्यांनी मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्यानंतर नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेची धुरा घेतली.

संघाच्या दानपरंपरेत पुढे बरंच काही आलं. १९६५ मध्ये क्लीव्हलंडला तरुण मुलींना रोजगाराचं शिक्षण देणारं सरकारी केंद्र त्यांनी चालवायला घेतलं, १९८० मध्ये शिष्यवृत्त्यांसाठी प्रतिष्ठान काढलं. अलीकडे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांसाठी सप्टेंबरातला एक दिवस ठरवून दहा लाख डॉलरहून जास्त निधी उभा केला, आणि २०२३ मध्ये सभासदांसाठी स्वतःची पतसंस्थाही सुरू केली. आज सभासद तीन लाखांहून अधिक आहेत, शाखा हजाराच्या वर.

माउंड बायूची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टफ्ट्स विद्यापीठाच्या, म्हणजे डॉ. फेरेबी जिथे शिकल्या त्याच विद्यापीठाच्या, पुढाकारानं तिथे आरोग्य केंद्र उभं राहिलं. अमेरिकेतल्या ग्रामीण भागातलं हे पहिलं सामुदायिक आरोग्य केंद्र. डॉ. जॅक गायगर आणि त्यांचे सहकारी कुपोषित मुलांच्या आयांना औषधाच्या चिठ्ठीवर दूध, मांस, भाजी लिहून देत, आणि गावातले किराणावाले ती चिठ्ठी घेऊन माल देत. पैसे केंद्राच्या औषधखात्यातून. त्यापाठोपाठ तिथल्या शेतमजूर कुटुंबांनी सहकारी शेती काढली. त्या जमिनीवर त्यांनी कापूस लावला नाही. भाजीपाला लावला, आणि तो आधी स्वतःच्या घरी नेला.